बरा असताना उघडलेला पंखा

मित्रांनो, मी एक जुना टेबल पंखा आहे आणि मला स्क्रूड्रायव्हरची भीती वाटते. पंख्याला कसली आली आहे भीती, असे म्हणून तुम्ही हसाल. खुशाल हसा. पण तुम्हाला काहीही झालेले नसताना कोणी तुम्हाला टेबलावर आडवे केले, तुमची मान, पोट, पाठ सुटी करून ओळीने मांडून ठेवली, पुन्हा जोडली, आणि जोडून होते न होते तोच पुन्हा सोडवायला घेतली, तर तुमचेही धाबे दणाणेल. माझे तर अजून दणाणलेलेच आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे मला आभाळी रंग दिला, तीन पाती दिली, पुढून-मागून तारेची जाळी दिली, आणि पोटात तांब्याच्या बारीक तारेचे वेढेच वेढे भरले. त्यांना वाइंडिंग म्हणतात. तोच आमचा जीव. मान डावी-उजवीकडे वळवायला पाठीमागे एक छोटा गियर दिला. आम्हा पंख्यांना डोळे नसतात, आमचे बघणे फिरण्यातच असते. पाती फिरू लागली की मला दिसते, आणि मान वळेल तिकडचेच दिसते. पाती थांबली की मिट्ट काळोख, नुसते ऐकू येते. एवढे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझी पहिली नोकरी केस कापायच्या दुकानात होती. कापलेले केस गिऱ्हाइकाच्या तोंडात उडाले की शिव्या मी खायच्या, आणि घाम फुटला की आठवणही माझीच यायची. एके दिवशी दुपारी विजेचा दाब एकाएकी वाढला. मी असा भन्नाट फिरू लागलो की आरशासमोरचे कागद छतापर्यंत गेले. खोटे कशाला बोलू, मला फार मजा वाटली. दुकानदारही खूश झाला. "आज काय वारा देतोय गडी!" असे म्हणून त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. थोड्याच वेळात माझ्या पोटातून धूर निघाला.

जळालेल्या मोटारींचे वाइंडिंग नव्याने भरून देणाऱ्या एका दुकानात मला टाकले गेले. दुकानाच्या मालकाला सारे जण मामा म्हणत. त्याच्याकडे तेव्हा एक पोरगेला कारागीर नुकताच कामाला लागला होता. पुढे सगळे त्याला मिस्तरी म्हणू लागले. मी त्याच्यापेक्षा वयाने मोठा, म्हणून मी त्याला अरेतुरेच करतो. त्याने माझी जळकी तार कापून काढली, एकेक वेढा देत नवी भरली, मला वॉर्निशमध्ये बुडवले आणि पिवळा बल्ब लावलेल्या पत्र्याच्या पेटीत वाळायला ठेवले. मामाला जन्मजात घाई.

"अरे, झालं ना सगळं? दे लावून!" तो म्हणाला.

"वॉर्निश वाळलं नाही मामा. ओल्यात करंट दिला तर पुन्हा जळेल. त्याला त्याचा वेळ देऊ."

हे ऐकून मला त्या पोराविषयी जी माया वाटली, ती आजतागायत आहे. केस कापणाऱ्याने तोवर नवा पंखा घेतला होता. तो मला न्यायला फिरकलाच नाही. मग मिस्तरीने मला दुकानामागच्या आपल्या खोलीत नेले. दुकान आणि खोली यांच्यामध्ये फक्त एक पडदा होता.

काही वर्षांनी त्या खोलीत वहिनी आली. म्हणजे मिस्तरीची बायको. दुकानातले तिला वहिनी म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. मिस्तरी मला वर्षातून एकदा उघडून तेलपाणी करायचा, तेव्हा वहिनी समोर बसून पाना, पक्कड, चिंधी हातात द्यायची. माझी पाती दांड्यावर धरून ठेवणारी एक चकती आहे. तिचे आटे उलटे असतात. सगळ्या जगाचे स्क्रू ज्या बाजूला फिरवून घट्ट होतात, त्या बाजूला ती ढिली होते. वहिनीने एकदा ती चकती आवळायला घेतली आणि तिच्या नाकी नऊ आले.

"अगं, सगळं जग सुलटं फिरतं, तुझा पंखा तेवढा उलटा," मिस्तरी हसून म्हणाला. "माझ्यासारखा."

"ते तर मला लग्नातच कळलं," वहिनी म्हणाली.

मग ठकू झाली. तिचे खरे नाव वेगळे होते, पण ठकूच पडले. बोलता येऊ लागल्यावर ती माझ्या जाळीपाशी तोंड आणून "आऽऽऽ" करायची. पात्यांवर आपटून आवाज थरथरत परत यायचा आणि ती खिदळायची. मिस्तरीही तिच्या शेजारी गुडघे टेकून "आऽऽऽ" करायचा. एवढा बाप्या माणूस, पण लाज म्हणून नाही. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस होते.

नंतरचा एक उन्हाळा मात्र भलताच तापला. घराघरांतले पंखे, पाण्याचे पंप पटापट जळू लागले. दुरुस्तीच्या मोटारी दुकानात मावेनात, फूटपाथवर रांग लागली. मामा कोणालाच नाही म्हणेना. मिस्तरीच्या डोळ्यांखाली काळे आले. लांबून पंप घेऊन येणारा एक गाडीवाला होता. त्याचा आवाज मी पडद्याआडून ऐकला.

"मी रात्र-रात्र ट्रक हाकतो. माझा डोळा लागलेला बघितलास कधी? ही गोळी घे. झोपेचं नाव नाही, थकव्याचं नाव नाही."

"काही होत नाही ना?" मिस्तरीने विचारले.

"होतंय काय? मला झालंय का काही?"

पहिले काही दिवस खोलीत जणू सण होता. मिस्तरी दोघांचे काम एकटा उरकू लागला. काम उरकून परत यायचा, तरी ताजातवाना. वर्षभर गळणारा नळ त्याने दुरुस्त केला, कपाटाचे कुरकुरणारे दार सरळ केले, ठकूला उचलून गरगर फिरवले. वहिनी हरखून गेली. मामा गिऱ्हाइकांना सांगू लागला, "आमचा मिस्तरी म्हणजे मशीन आहे, मशीन!" मी स्वतः मशीन आहे. मशीन न थांबता किती चालते आणि मग तिचे काय होते, हे मला ठाऊक होते. माझ्या पाठीवर पडलेली ती जुनी थाप मला आठवली आणि मी घाबरलो. ती भीती पुढे वाढतच गेली.

मिस्तरी जेवेनासा झाला. "भूकच नाही गं," म्हणायचा आणि ताट सरकवायचा. मान वळवून मी त्याच्याकडे आलो की तो मला दिसायचा. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, कपाळावर घाम, आणि दात एकमेकांवर करकर घासत. मान पलीकडे वळली तरी ती करकर ऐकू यायचीच. एके दिवशी पहाटे तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"घरघर येतेय याची," तो म्हणाला.

मित्रांनो, माझी घरघर येत नव्हती. माझ्या एकसुरी आवाजावर ठकू झोपायची. पण त्याने बटण बंद केले, माझ्यापुढे काळोख झाला, आणि स्क्रूड्रायव्हर माझ्या पाठीला लागला. त्याने मला पार उघडले, रॉकेलने पुसले, तेल दिले, जोडले. दिवस उजाडला तेव्हा मी चकचकीत होतो.

"अय्या, नव्यासारखा केलात की!" वहिनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्याने मला पुन्हा उघडले. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग एका दिवसात दोनदा. तो स्क्रू लांबीप्रमाणे लावून बाटल्यांच्या झाकणांत ठेवायचा, झाकणे उपडी करायचा आणि पुन्हा लावायला घ्यायचा. काळोखात मला त्या स्क्रूंची टिकटिक ऐकू यायची. जोडून झाल्यावर बटण दाबून तो माझ्याकडे बघायचा तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर थकवा नसायचा, रागही नसायचा. हरवलेली वस्तू आता हाती लागणारच, असे वाटणाऱ्या माणसाचा तो चेहरा होता. त्याची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटायची.

आता तुम्ही विचाराल, घरच्यांना कळले कसे नाही? केस कापणारा दिवसभर स्वतःचेच केस कापत बसला असता तर त्याच्या बायकोने शेजारपाजार गोळा केला असता. आमच्याकडे मोटारी उघडणे आणि जोडणे हेच तर पोटापाण्याचे काम. दुसऱ्याच्या घरात जो वेडेपणा ठरला असता, तो आमच्या खोलीत मेहनत ठरला. मामाने तर त्याचे उदाहरण सगळ्यांना द्यायला सुरुवात केली. "काम संपलं तरी हात थांबत नाहीत पठ्ठ्याचे," असे तो कौतुकाने म्हणायचा. पडद्यामागे माझ्या स्क्रूंचे आटे झिजत चालले होते.

शेवटी वहिनीच्या मनात पाल चुकचुकली.

"अहो, पुन्हा तोच पंखा?"

"आत काहीतरी आहे."

"काय आहे?"

"सापडलं की सांगतो."

"चांगला चालतोय तो. तुम्ही जरा पडा. तुमचा हात बघा कसा कापतोय."

"तू मध्ये बोलू नकोस!" तो असा खेकसला की ठकू झोपेतून दचकून उठली. या आधी त्याने कधी आवाज चढवल्याचे मला आठवत नाही. मग त्याने माझ्या पोटाला कान लावला आणि हळूच म्हणाला, "ऐक. यात कोणीतरी बोलतंय."

आज मी तुमच्याशी एवढे बोलतो आहे खरा, पण शपथेवर सांगतो, तेव्हा मी एक शब्दही काढला नव्हता. उलट मी वाइंडिंग गच्च आवळून बसलो होतो. जो आवाज मी केलाच नाही तो त्याला ऐकू येत होता, आणि तो थांबवायला तो पुन्हा मलाच उघडणार होता. गोळीची आता पुडी झाली होती. पडद्याआड तिचा कागद चुरचुरला की माझ्या पात्यांतून कापरे जायचे.

तो दिवस मला विसरता येत नाही. दुपारची वेळ, पत्रा तापलेला. सकाळपासून मी तुकड्यातुकड्यांत जमिनीवर पडलो होतो. जाळ्या एकीकडे, पाती एकीकडे, पाठीचे झाकण आणि गियर कुठे होते ते मला ठाऊक नाही. नशीब एवढेच की मोटार स्टँडवर होती आणि तिच्या वायरी त्याने सोडवल्या नव्हत्या. काळोखात मला त्याचा श्वास ऐकू येत होता. भरभर, तोकडा, कुत्रे धावून आल्यावर धापा टाकते तसा. मग स्क्रूंचे झाकण उलटले, आणि काहीतरी जड धप्पकन पडले.

"अहो! अहो, काय झालं?" वहिनी धावत आली. मग तिचा वेगळाच आवाज. "अगं आई गं... अंग नुसतं निखारा झालंय. ठकू! पळ, मामाला बोलव! पळ!"

ठकूची पावले पडद्याकडे धावली. मामा आला, आणि आल्या आल्या तोही ओरडला. त्याने फोनवर ॲम्ब्युलन्स बोलावली. पलीकडचा माणूस जे सांगत होता ते मामा मोठमोठ्याने वहिनीला सांगू लागला. "निघालीय म्हणतात, पण वाटेत गर्दी आहे! सदरा काढ म्हणतात... अंगावर पाणी टाक... आणि वारा घाला! ओल्या अंगाला सारखा वारा लागला पाहिजे, नाहीतर ताप डोक्यात जाईल! पंखा लाव, पंखा!"

मित्रांनो, खोलीत एकच पंखा होता.

"पंखा हा काय पडलाय!" वहिनी म्हणाली, आणि तिला हुंदका आला. "दुकानातला एखादा आणा ना!"

"दुकानात सगळे जळालेलेच आहेत गं!" मामा रडकुंडीला येऊन म्हणाला. पंखे दुरुस्त करणाऱ्या दुकानात त्या घडीला एकही चालू पंखा नव्हता.

वहिनीने मला उचलले. तिचे ओले हात माझ्या दांड्यावरून फिरले. तिने आजवर नुसते सामान हातात दिले होते, अख्खे मला कधी जोडले नव्हते. पाती तिने दांड्यावर सरकवली, चकती लावली आणि आवळू लागली. चकती बसेना. ती जोर लावत होती आणि चकती गळून पडत होती. मला ओरडून सांगावेसे वाटत होते. चकती नीट बसली नसती तर चालू करताच पाती सुटून तिच्या तोंडावर आली असती. मी आयुष्यात कोणाला ओरखडा काढला नव्हता. माझ्या हातून हिचा जीव जातो की काय, या विचाराने माझे पाणी पाणी झाले.

"लवकर गं!" मामा ओरडला. "झटके येतायत याला!"

"बसत नाहीये..." वहिनी म्हणाली, आणि मग एकदम थांबली. "उलटी. माझा पंखा उलटा." तिने चकती दुसऱ्या बाजूला फिरवली. ती घट्ट बसली.

जाळी लावायला वेळ नव्हता. "ठकू, भिंतीपाशी उभी राहा, हलू नकोस!" असे म्हणून वहिनीने बटण दाबले, आणि मला दिसू लागले.

मान वळवायचा गियर बाहेर पडलेला होता. इतकी वर्षे, काही बघवत नसेल तर मान आपणच मला पलीकडे घेऊन जायची. त्या दिवशी मला पलीकडे जाता येईना. मी एकटक मिस्तरीकडेच बघत राहिलो. तोंड लालबुंद, डोळे उघडे पण कुठेच न बघणारे, हातपाय ताठ होऊन हिसके देणारे. छाती अशी उडत होती की आतले काहीतरी बाहेर यायला बघत होते. वहिनी त्याच्या अंगावर तांब्याने पाणी टाकत होती आणि मी उघड्या पात्यांनी वारा घालत होतो. तिचा पदर माझ्या पात्यांपासून हातभर अंतरावर उडत होता. मला त्याची भीती, तिची भीती, भिंतीला चिकटून उभ्या असलेल्या ठकूची भीती. झिजलेल्या आट्यांमुळे माझे सगळे अंग खडखडत होते. मी एकच धरून बसलो होतो, की जळालो तरी चालेल पण थांबायचे नाही.

ॲम्ब्युलन्स आली. पांढऱ्या कपड्यातल्या दोघांनी त्याला उचलले. त्यातला एक वहिनीला म्हणाला, "काय घेत होता हा?" वहिनी म्हणाली, "घेत होते? काम करत होते हे." मग मामाने मान खाली घालून गाडीवाल्याच्या गोळ्यांचे आणि पुडीचे सांगितले. "मला वाटलं, कामाचा झपाटा आहे," असे तो दोनदा म्हणाला.

मला बंद करायचे कोणाला सुचले नाही. सगळे गेल्यावर त्या ओल्या जमिनीवर, जिथे तो पडला होता तिथे, मी एकटाच वारा घालत राहिलो. जमीन कधीच वाळून गेली. तो जिवंत आहे की नाही हे मला कळायला मार्ग नव्हता.

तो वाचला. बऱ्याच दिवसांनी वहिनी त्याला हाताला धरून घेऊन आली. मला वाटले, सुटलो एकदाचे. पण जो माणूस परत आला तो मला ओळखू येईना. तो माझ्यासमोर खाटेवर बसायचा, नुसता बसायचा. वारा लागला काय, न लागला काय. ठकू गळ्यात पडली तर तो तिला थोपटायचा, पण सांगितलेले काम करावे तसा. तिने काढलेली चित्रे तो बघायचा आणि परत द्यायचा. बारीक तार धरायला गेला की बोटे थरथरायची. माझी जाळी आणि गियर कोपऱ्यात तसेच पडून होते. मी बिनजाळीचा, मान न वळणारा, उंच फळीवर जाऊन बसलो होतो. ठकूला माझ्याजवळ यायची बंदी होती. तिचा "आऽऽऽ" बंद झाला. पूर्वी तो मला उघडायचा याची भीती वाटायची, आता तो माझ्याकडे बघतही नव्हता याची वाटू लागली.

दवाखान्यातून एक सिस्टर अधूनमधून त्याला तपासायला यायची. वहिनीने तिला एकदा विचारले, "गोळी सुटली, पुडी सुटली. मग हे असे का अजून? आमच्यावरचा जीवच उडालाय यांचा."

"जीव नाही उडालेला," सिस्टर म्हणाली. "तुम्हीही ऐका, मिस्तरी. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात. त्यातल्या एका निरोप्याचं नाव डोपामिन. जेवण आवडलं, मुलगी हसली, काम नीट जमलं, की तो थोडासा बाहेर पडतो आणि सांगतो, हे छान आहे, पुन्हा कर. हातपाय नीट हलवायलाही तोच लागतो. निरोप दिला की पेशी त्याला परत आत घेते, पुढच्या वेळेसाठी. ती पुडी काय करते, तर आतला सगळा साठा एकदम बाहेर ढकलते आणि परत आत यायचं दार अडवून धरते."

"म्हणून पहिल्यांदा एवढा आनंद वाटला?" मिस्तरीने विचारले. कितीतरी दिवसांनी तो आपणहून बोलला होता.

"हो. आणि म्हणून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करावीशी वाटली. प्रत्येक वेळी मेंदू सांगत होता, छान आहे, पुन्हा कर. नसलेले आवाजही त्यातूनच येतात. पण एवढा मारा सहन होत नाही. निरोप घेणाऱ्या पेशी कान मिटून घेतात. साठा संपतो. जास्त झालं, त्यात अंग तापलं, की निरोप पाठवणाऱ्या पेशींची टोकंच खराब होतात. आता मुलगी गळ्यात पडते, पण निरोप पोचतच नाही."

मिस्तरीने आपली बोटे उघडून बघितली. "म्हणजे वाइंडिंग जळालं," तो म्हणाला.

"तसंच समजा. पण तुम्ही जळकी तार काढून नवी भरता, तसं इथं करता येत नाही. आतल्या आत जेवढं भरून येईल तेवढं येईल. बरंचसं येतं. महिने लागतात, कधी वर्षाच्या वर. मधल्या काळात पुन्हा घेतलं तर..."

"ओल्यात करंट," मिस्तरी म्हणाला.

वहिनीने तोंड फिरवून डोळे पुसले. मी रडू शकत नाही, म्हणून खडखडलो.

मग महिने गेले. सांगण्यासारखे त्यात काही नव्हते. तो झोपायचा, उठायचा, थोडे खायचा, संध्याकाळी वहिनीबरोबर चालून यायचा. मामाने त्याला सोपे काम दिले, वॉर्निशच्या पेटीवर लक्ष ठेवायचे. कधी तो चिडायचा, कधी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचा, आणि वहिनी स्वयंपाक करताना सारखी मागे वळून बघायची. आम्ही दोघेही जीव मुठीत धरून दिवस काढत होतो.

एके दिवशी सकाळी पडद्याआड गाडीवाल्याचा आवाज आला.

"कसा आहेस रे? वाळलास की. जरा ताकद हवी का?"

"पंप उचल आणि चालता हो!" हा मामाचा आवाज होता. "पुन्हा या दुकानाची पायरी चढलास तर तंगडं मोडीन."

गाडी निघून गेली. मिस्तरी काय बोलला ते मला ऐकू आले नाही. तो काहीच बोलला नसावा, आणि त्याचेच मला भय वाटले. दुपारी तो खोलीत आला. मान वळत नसल्याने मला तो समोर येईपर्यंत दिसला नाही. समोर आला तेव्हा त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता.

वहिनी दारात ओले फडके घेऊन उभी होती. ते तिच्या हातातून खाली पडले.

"अहो?"

"जाळी बसवतो," तो म्हणाला.

तिने त्याच्या डोळ्यांत निरखून बघितले. मग पुढे होऊन त्याच्या कपाळाला हात लावला. कपाळ थंड असावे, कारण तिने हात काढून घेतला आणि फळीपाशी त्याच्या शेजारी उभी राहिली. बटण बंद झाले. मला काळोखात स्क्रूड्रायव्हर पाठीला लागलेला कळला आणि मला वाटले, आता पुन्हा. आता हा मला उघडणार, आणि उघडतच राहणार.

"आटे गेलेत सगळे," त्याचा आवाज आला. "माझ्यामुळेच गेले. जाड स्क्रू लागतील. तो डबा दे."

वहिनीने डबा दिला. त्याचा हात थरथरत होता, स्क्रू दोनदा खाली पडला. तो थांबायचा, श्वास घ्यायचा, मग पुन्हा धरायचा. आधी गियर बसला, मग मागची जाळी, मग चकती उलटी फिरली, मग पुढची जाळी. शेवटचा स्क्रू आवळून झाला. मी कान टवकारून ऐकत होतो, कारण याच जागी पूर्वी तो पहिला स्क्रू पुन्हा सोडवायला घ्यायचा.

बटण दाबले गेले. मला तो दिसला. स्क्रूड्रायव्हर अजून त्याच्या हातातच होता. तो माझ्याकडे बघत होता. आणि नेमकी तेव्हाच, इतक्या महिन्यांनी, माझी मान वळू लागली. मी ती थांबवू शकत नव्हतो. तो दिसेनासा झाला. मला खिडकी दिसली, कपाट दिसले, भिंतीपाशी उभी असलेली ठकू दिसली. ती बापाच्या हाताकडेच बघत होती. मान परत फिरेपर्यंत तो काय करील, या भीतीने मी अर्धमेला झालो. मग वाटेतच मला आवाज ऐकू आला, लाकडी फळीवर काहीतरी ठेवल्याचा.

मी परत वळलो तेव्हा त्याचे हात मोकळे होते. त्याने मला फळीवरून उतरवून खाली ठेवले, समोर मांडी घातली आणि डोळे मिटून वारा अंगावर घेतला. "बरं वाटतंय," तो म्हणाला. वहिनीने त्याच्याकडे असे बघितले की जणू त्याने काहीतरी फार मोठे सांगितले. ठकूने विचारले, "आता जवळ येऊ?" मी पुन्हा पलीकडे वळत होतो, म्हणून पुढचे मला दिसले नाही, नुसते ऐकू आले. आधी ठकूचा बारीक "आऽऽऽ", आणि थोड्या वेळाने, चाचपडत, एक जाडा आवाज.

मित्रांनो, हे वाचून तुम्ही मला रोज पुसाल, तेल द्याल, तर मी नको म्हणणार नाही. पण माझे मागणे वेगळेच आहे. तुमच्या घरात, दुकानात, वर्गात कोणी एकाएकी झपाटल्यासारखे काम करू लागले, झोपेना, जेवेना, आणि चालू असलेली वस्तू पुन्हा पुन्हा उघडू लागले, तर लगेच त्याच्या पाठीवर थाप मारू नका. मला ती थाप मिळाली होती, त्यालाही मिळाली होती. आधी जवळ जा आणि त्याच्या कपाळाला हात लावून बघा. वहिनी अजून रोज लावते. फळीवरचा स्क्रूड्रायव्हर मला इथून दिसतो, आणि मान तिकडे वळली की मी अजूनही घाबरतो. मग मान परत येते आणि तिचा हात त्याच्या कपाळावर असतो.